लेनर्ड चेशायर : वैमानिक आणि रोग्यांचे सेवक

मुंबईस अंधेरीच्या पूर्वेस महाकाली लेण्यांकडे एक रस्ता जातो. त्या रस्त्यावर १९५६ च्या सुमारास एका कृश इंग्रज गृहस्थांनीं अपंग व असाध्य रोग्यांसाठीं एक घर उघडलें व त्यास बेथलेहेम हाउस असें नांव दिलें. ज्यांस इस्पितळें ठेवून घेईनात व ज्यांस घरचीं माणसें सांभाळूं शकेनात, अशांची तेथें सोय होऊं लागली. ह्या गृहस्थांचें नांव लेनर्ड चेशायर. दुसऱ्या महायुद्धांत ह्यांनींच शंभर वेळां बाँबर विमान घेऊन शत्रूच्या मुलखावर स्वारी केली होती, आणि ब्रिटिश सैन्यांत शौर्याबद्दलचें जें सर्वांत मोठें पदक, व्हिक्टोरिया क्रॉस, तें त्यांस मिळालें होतें. त्यांस जाऊन आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लढवय्याचें चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस काय उपयोगाचें, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु अर्धेंच चरित्र वाचून त्याचें उत्तर मिळण्यासारखें नाहीं, म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा.

चेशायर ह्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजीं इंग्लंडांतील चेस्टर शहरीं झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठांत कायद्याचे नामांकित अध्यापक होते; त्यांचे ग्रंथ आपल्याकडील वकिलीच्या विद्यार्थ्यांसही ठाऊक आहेत. घर सुखवस्तु होतें. स्टो येथील शाळेंतून लेनर्ड ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजांत गेले व वडिलांचाच विषय शिकूं लागले. बुद्धि तीव्र, पण मन पुस्तकांत थोडें आणि वेगवान मोटारींत फार. एकदां त्यांनीं मित्रांशीं अशी पैज मारली कीं खिशांत चार-दोन पेनी घेऊन आपण पॅरिसपर्यंत पायीं जाऊं. ही पैज त्यांनीं जिंकली, आणि तिचें बक्षीस काय, तर अर्धा पाइंट बिअर! अशा तरुणाच्या हातून पुढें कांहीं मोठें कार्य होईल असें त्या वेळीं त्यांच्या गुरुजनांस क्वचितच वाटलें असेल.

१९३६ मध्यें ते जर्मनींतील पॉट्सडॅम येथें एका माजी आरमारी सेनापतीच्या घरीं राहावयास गेले होते. तेथें हिटलरची एक सभा त्यांनीं पाहिली. भोंवतालचे सर्व लोक हात वर करून नाझी सलाम करीत असतां ह्या तरुणानें हात वर केला नाहीं. त्यामुळें पुष्कळांचा रोष झाला. ह्यांत धर्मबुद्धि कितपत होती हें सांगवत नाहीं. बहुधा तो स्वभावांतला ताठपणाच असावा. पण सगळे करतात म्हणून आपण करावें, ही संवय त्यांस नव्हती, एवढें खरें.

विद्यापीठांत वैमानिकांचें एक पथक असे. तेथें ते विमान चालविण्यास शिकले. १९३९ त युद्ध सुरू झालें तेव्हां ते रॉयल एअर फोर्समध्यें दाखल झाले, आणि १९४० च्या उन्हाळ्यांत यॉर्कशायरमधील १०२ व्या तुकडींत त्यांची नेमणूक झाली. विमान व्हिटले जातीचें, दोन इंजिनांचें, संथ व जड.

बाँबर विमानाचें काम कसें चालतें हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेलें नाहीं, म्हणून थोडें सांगणें अवश्य आहे. अशा विमानांत वैमानिक एकटा नसतो. वाट दाखविणारा एक, बिनतारी संदेश देणारा एक, बाँब सोडणारा एक, बंदुका चालविणारे एक-दोघे, असे पांच-सात जण एका अरुंद नळकांड्यांत बसलेले असतात. दिवसा गेल्यास शत्रूचीं लहान विमानें पाडतात, म्हणून रात्रीं जावयाचें. खालीं सर्व दिवे मालविलेले. अंवसेच्या रात्रीं डोंगरावर उभें राहून खालच्या खोऱ्यांतील एका विवक्षित झोपडीवर कोणी दगड टाकावयास सांगितला तर जसें होईल तसाच हा प्रकार. त्यांत पुन्हां वारा, ढग, सर्चलाइटचे झोत आणि खालून तोफांचा मारा. १९४१ मध्यें ब्रिटिश सरकारनें विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें तपासलीं. ज्यांनीं आपण नेमक्या ठिकाणावर हल्ला केला असें कळविलें होतें, त्यांपैकीं तिसरा हिस्साच त्या ठिकाणाच्या पांच मैलांच्या आंत पोंचला होता असें आढळलें. बाकीच्यांचे बाँब शेतांत, रानांत, अगर कोणा गरिबाच्या घरावर पडले असतील. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण चेशायर ह्यांची पुढील सारी कामगिरी तिच्याशीं बांधलेली आहे.

१९४० च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं कोलोन शहरावर असतां तोफेचा गोळा त्यांच्या विमानाजवळ फुटला व आंत ठेवलेल्या एका प्रकाशगोळ्यास आग लागून त्याचा स्फोट झाला. विमानाची एक बाजू फाटून मोठें भगदाड पडलें. आंत धूर आणि ज्वाळा. बिनतारी यंत्र चालविणारा तरुण पहिल्यांदाच अशा स्वारीवर आला होता. त्याचा चेहरा भाजला व त्यास डोळ्यांनीं दिसेनासें झालें, तरी तो यंत्राशीं बसून संदेश देण्याची खटपट करीत राहिला. सोबत्यांनीं आग विझविली, आणि चेशायर ह्यांनीं तें फाटकें विमान समुद्र ओलांडून घरीं आणलें. ह्याबद्दल त्यांस डी. एस. ओ. हें पदक मिळालें. त्या वेळीं त्यांचें वय २३ वर्षांचें होतें. त्यांचा धाकटा भाऊही बाँबर वैमानिक होता. १९४१ मध्यें त्याचें विमान पडून तो जर्मनांच्या कैदेंत गेला.

साधारणतः तीस स्वाऱ्या झाल्या म्हणजे वैमानिकास कांहीं महिने विश्रांति देत. तीस पुऱ्या होईपर्यंत जगणाराचें नशीब थोर समजत. ब्रिटिश बाँबर दलांत सुमारें १,२५,००० वैमानिक व त्यांचे सोबती होते. त्यांपैकीं ५५,५७३ मृत्यु पावले. म्हणजे दहांतले चारांहून अधिक. चेशायर ह्यांनीं एक पाळी संपतांच दुसरी मागून घेतली, आणि १९४२ च्या ऑगस्टांत ते हॅलिफॅक्स विमानांच्या ७६ व्या तुकडीचे नायक झाले.

नायक झालेल्यानें प्रत्येक रात्रीं जावें असा नियम नव्हता. पण चेशायर नवख्या वैमानिकाच्या शेजारीं दुय्यम म्हणून बसत व त्याच्या पहिल्या भीतीच्या रात्रीं त्याच्याबरोबर जात. तळावरील लहान-थोर माणसांचीं नांवें त्यांस पाठ असत. इंजिनास तेल घालणाऱ्या मजुरासही ते नांवानें हांक मारीत. हॅलिफॅक्स विमानें फार पडूं लागलीं तेव्हां त्यांतील कांहीं बंदुकांचे मनोरे व इतर भार काढून टाकून त्यांनीं तीं हलकीं करविलीं. तुकडींतील माणसें जगावींत हा त्यांत हेतु होता. आमच्या मतें चांगला नायक ओळखावयाचा तो असल्या कामांवरून. पदकांवरून ओळखतां येत नाहीं.

१९४३ च्या मार्चांत, वयाच्या २५ व्या वर्षीं, ते ग्रुप कॅप्टन झाले. ह्या हुद्द्यावरचे त्या वेळचे ते सर्वांत तरुण अधिकारी. मार्स्टन मूर येथील शिक्षणकेंद्राचा अधिकार त्यांस मिळाला. राहण्यास त्यांनीं आगगाडीचा डबा आणवून तळाजवळ ठेवला होता म्हणतात! अधिकार होता, सुरक्षितता होती, पगार होता. परंतु मन तेथें रमेना. दुसऱ्यांस मरणाच्या वाटेवर जावयास शिकवावें आणि आपण मागें राहावें, हें त्यांस सोसेना. तेव्हां त्यांनीं वरिष्ठांस विनंति करून आपला हुद्दा एक पायरी खालीं उतरवून घेतला, व विंग कमांडर होऊन नोव्हेंबर १९४३ मध्यें ६१७ व्या तुकडीचें नायकत्व पत्करलें. हुद्दा वर चढावा म्हणून धडपडणारे आम्हीं सरकारी कचेरींत पाहिले आहेत, आणि सांगण्यास वाईट वाटतें, मंडळींतही पाहिले आहेत. आपण होऊन खालीं उतरणारा क्वचितच.

६१७ वी तुकडी साधी नव्हती. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत तिनें जर्मनींतील रूर प्रांताचीं मोठीं धरणें फोडलीं होतीं. त्या वेळचे तिचे नायक गाय गिब्सन ह्यांचा जन्म आपल्या देशांत सिमला येथें झाला होता. ते १९४४ मध्यें हॉलंडांत विमान पडून मरण पावले. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, एक अमेरिकन, असे निवडक वैमानिक तिच्यांत होते. तरी एक अडचण राहिलीच होती. उंचावरून नेम लागेना. मागून येणाऱ्या विमानांस कळावें म्हणून आधीं कोणी रंगीत जळते दिवे टाकून लक्ष्य दाखवी. पण ते दिवेही उंचावरूनच पडत व वाऱ्यानें भलतीकडे जात. चेशायर ह्यांनीं असें मत मांडलें कीं खूण करणाऱ्यानें अगदीं खालीं, घरांच्या छपरांइतकें खालीं, उतरावें. अनुभवी अधिकारी म्हणाले कीं हें आत्महत्येसारखें आहे. तेव्हां चेशायर ह्यांनीं तें स्वतः करून दाखविण्याचें ठरविलें.

फ्रान्स देश तेव्हां जर्मनांच्या ताब्यांत होता. लिमोज ह्या शहरांत विमानाचीं इंजिनें तयार करणारा एक मोठा कारखाना जर्मनांसाठीं चालत असे. रात्रपाळीस शेंकडों फ्रेंच मजूर. त्यांत पुष्कळ स्त्रिया. ह्या बाया शत्रु नव्हत्या. पोटासाठीं, आणि धाकापोटीं, त्या तेथें राबत होत्या. कारखाना तर बंद पाडणें अवश्य होतें. ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीं चेशायर बारा लँकास्टर विमानें घेऊन निघाले. तेथें पोंचल्यावर त्यांनीं इतर अकरा विमानांस वर थांबविलें व आपलें विमान कारखान्याच्या छपरावरून, शंभर फुटांच्याही खालून, गर्जना करीत नेलें. बाँब टाकला नाहीं. वळून पुन्हां एकदां तसेंच नेलें. पुन्हां तिसऱ्यांदा नेलें. हेतु हाच कीं आंतील माणसांनीं समजावें व बाहेर पळून जीव वाचवावा. माणसें बाहेर धांवत आहेत असें दिसलें. मग चौथ्या खेपेस त्यांनीं बरोबर मधोमध जळती खूण टाकली, आणि वरील विमानांनीं आपले प्रचंड बाँब त्या खुणेवर सोडले. बहुतेक सर्व कारखान्यावरच पडले. एक शेजारच्या नदींत गेला. कारखाना जवळजवळ बंद पडला, आणि फ्रेंच लोकांपैकीं फार थोडे, कदाचित् कोणीच, मेले नाहींत.

शत्रूस सावध करून मग त्यावर घाव घालणें हें युद्धशास्त्रांत कोठें शिकवीत नाहींत. पहिल्याच फेरीबरोबर तोफा सुरू झाल्या असत्या तर त्या जड विमानाचा वरचा-खालचा एकही माणूस वांचला नसता. त्या स्त्रियांचीं नांवें चेशायर ह्यांस ठाऊक नव्हतीं, व त्यांचे चेहरे अंधारांत दिसण्यासारखे नव्हते. त्यांच्यासाठीं तीन फेऱ्या त्यांनीं घातल्या. हा भाग आम्हीं पुन्हां पुन्हां वाचला आहे.

परंतु सत्य तेवढेंच सांगून थांबलें तर तें अपुरें राहील. ज्या कौशल्यानें लिमोजच्या बाया वांचल्या, त्याच कौशल्यानें २४ एप्रिलच्या रात्रीं म्युनिक शहराचें पुष्कळ नुकसान झालें. त्या खेपेस चेशायर लाकडी बांधणीच्या मॉस्किटो ह्या चपळ विमानांत होते. परत येण्यापुरतें तेल उरेल कीं नाहीं ह्याची खात्री नसतां ते गेले, तोफांच्या भडिमारांत सूर मारून त्यांनीं खूण टाकली, आणि ती बरोबर पडली कीं नाहीं हें पाहण्यास हजार फुटांच्या आसपास उंचीवर शहरावर घिरट्या घालीत राहिले. मागून आलेल्या अडीचशेंच्या सुमाराच्या विमानांनीं त्या खुणेवर बाँब टाकले. म्युनिकमध्यें मुलें होतीं, म्हातारीं माणसें होतीं. त्या युद्धांत बाँबफेकीनें जर्मनींत लाखों नागरिक मेले. हिटलरचें राज्य किती दुष्ट होतें हें आम्हांस ठाऊक आहे, व तें मोडणें भाग होतें हेंही आम्ही मानतों. तरी त्या मुलांचा हिशेब आमच्यानें कोणत्याही रकान्यांत बसवितां येत नाहीं. चेशायर ह्यांनींही तो कधीं हलक्या हातानें बसविला असें दिसत नाहीं.

पुढील महिन्यांतील कामगिरी थोडक्यांत सांगतों. ५ जूनच्या रात्रीं मित्रसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणार होतें. त्या रात्रीं ६१७ व्या तुकडीनें एकही बाँब टाकला नाहीं. धातूच्या पातळ कागदाच्या पट्ट्या ठराविक वेळीं हवेंत सोडीत, लांबट वर्तुळांत अत्यंत काटेकोरपणें विमानें फिरवीत, तीं जहाजांच्या गतीनें हळूहळू फ्रेंच किनाऱ्याकडे सरकविलीं. शत्रूच्या यंत्रांस वाटावें कीं मोठें आरमार दुसरीकडेच चालून येत आहे, हा त्यांत डाव. त्यानंतर बार्न्स वॉलिस ह्या शास्त्रज्ञानें तयार केलेले १२,००० पौंडांचे, जमिनींत खोल शिरून फुटणारे बाँब आले. लंडनवर अस्त्रें सोडण्यासाठीं जर्मनांनीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर जीं काँक्रीटचीं भुयारें बांधलीं होतीं त्यांवर त्यांचा मारा झाला. अशाच एका हल्ल्यासाठीं चेशायर ह्यांनीं मस्टँग हें एकट्यानें बसावयाचें अमेरिकन विमान मागवून घेतलें. तें आलें त्याच दिवशीं, पूर्वीं कधीं न चालवितां, तें घेऊन ते स्वारीवर गेले. ६ जुलै १९४४ रोजीं मिमोयेक येथील हल्ला हा त्यांचा शंभरावा. तेव्हां वरिष्ठांनीं त्यांस सक्तीनें खालीं बसविलें.

सप्टेंबरांत व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हें पदक बहुधा एखाद्या एकाच पराक्रमाबद्दल देतात; चेशायर ह्यांस तें चार वर्षें टिकलेल्या धैर्याबद्दल मिळालें. राजवाड्यांत पदक घेण्यास ते १९४५ मध्यें गेले तेव्हां त्यांच्याबरोबर नॉर्मन जॅक्सन नांवाचा एक साधा सार्जंट होता. उडत्या विमानाच्या पंखावर चढून आग विझविण्याचा प्रयत्न त्यानें केला होता व तो होरपळला होता. हुद्द्याच्या मानानें पहिला मान चेशायर ह्यांचा. पण ह्या मनुष्यानें माझ्याहून अधिक केलें आहे, त्यास आधीं द्या, असा त्यांनीं आग्रह धरला. राजदरबारचा शिष्टाचार मोडतां आला नाहीं, ही गोष्ट निराळी.

१९४४ च्या अखेरीस कांहीं काळ ते कलकत्त्यास पूर्वेकडील हवाई दलाच्या कचेरींत होते. तेथून वॉशिंग्टनला गेले. तेथून त्यांस अशा एका कामावर पाठविण्यांत आलें कीं तसें काम पूर्वीं कोणा इंग्रजास मिळालें नव्हतें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला तेव्हां ब्रिटिश सरकारचे साक्षीदार म्हणून शास्त्रज्ञ विल्यम पेनी व चेशायर हे दोघे एका अमेरिकन विमानांत होते. त्यांच्या विमानाची व मुख्य विमानाची गांठ चुकली, म्हणून त्यांनीं तो प्रकार पुष्कळ मैलांवरून पाहिला: प्रथम डोळे दिपविणारा प्रकाश, मग उकळत वर चढणारा ढगाचा स्तंभ. त्या एका बाँबनें वर्षाच्या अखेरीपर्यंत साठ-सत्तर हजार माणसें मेलीं असावींत. जपानांतील ख्रिस्ती लोकांची सर्वांत मोठी वस्ती त्याच शहराच्या उराकामी भागांत होती, आणि बाँब तिच्याजवळच फुटला. हजारों ख्रिस्ती त्या सकाळीं मेले.

पुष्कळजण असें सांगतात कीं नागासाकी पाहून चेशायर ह्यांस पश्चात्ताप झाला व त्यांनीं सेवेचें व्रत घेतलें. गोष्ट सांगावयास सोपी, व उपदेशकांस आवडणारी. पण ती तशी घडलेली नाहीं. त्या बाँबनें युद्ध थांबलें व त्यामुळें पुढील असंख्य मरणें टळलीं, असें त्यांचें मत मरेपर्यंत कायम होतें. आम्हांस तें मत पटत नाहीं. पण जें त्यांनीं मानलें नाहीं तें त्यांच्या तोंडीं घालणें हा खोटेपणा होय, मग तो कितीही भक्तिभावानें केलेला असो. त्यांच्या मनावर जो भार पडला तो असा: युद्ध नाहींसें होईल अशी शांति कोणी तरी बांधिली पाहिजे, आणि जे वांचले त्यांचें तें देणें आहे.

देवाविषयीं तोंवर त्यांनीं फारसा विचार केलेला नव्हता. १९४५ मध्यें लंडनच्या एका मद्यगृहांत मित्रांच्या मेळ्यांत देवाचा विषय निघाला, तेव्हां त्यांनीं हंसत सांगून टाकलें कीं देव म्हणजे आपल्या मनांतील सदसद्विवेक, दुसरें कांहीं नाहीं. त्या मेळ्यांतील एका ओळखीच्या बाईनें त्यांस तेथेंच खडसावलें: देव हा व्यक्ति आहे, आणि हें तुम्हांस पक्कें ठाऊक आहे. कोण ही बाई, कसली ती जागा! पण तो शब्द त्यांच्या मनांत रुतून बसला.

१९४६ च्या आरंभीं त्यांनीं हवाई दल सोडलें. सैन्यांतून परत आलेल्या स्त्रीपुरुषांनीं एकत्र राहावें, श्रम करावे, एकमेकांस आधार द्यावा, अशी वसाहत त्यांनीं काढली. हॅम्पशायर परगण्यांत ल कोर्ट नांवाचा मोठा वाडा घेतला. नामांकित वीराच्या नांवावर माणसें जमलीं. पण प्रत्येकास घ्यावयाचें होतें, द्यावयाचें कोणासच नव्हतें. दीड-दोन वर्षांत भांडणें, कर्ज आणि निघून जाणें. वाडा रिकामा पडला. चेशायर ह्यांची प्रकृति ढासळली. लढाईंत लग्न झालेली अमेरिकन पत्नी दूर गेली होती व तो विवाह पुढें संपला. तिसाव्या वर्षीं सर्वांचें तोंड भरून कौतुक मिळालेला हा मनुष्य कर्जबाजारी होऊन एका ओसाड घरांत एकटा उरला.

१९४८ मध्यें एका इस्पितळाकडून निरोप आला. त्यांच्या मोडलेल्या वसाहतींत डुकरें राखणारा आर्थर नांवाचा एक माणूस तेथें पडून होता. त्यास कर्करोग होता, उपाय उरला नव्हता, इस्पितळास त्याची खाट हवी होती, आणि त्यास घेईल असें घर कोठेंच नव्हतें. त्यास त्याचें मरण सांगावें असाही कोणाचा धीर होईना. चेशायर गेले. मरणाची गोष्ट त्यांनींच त्यास सांगितली. दुसरी जागा मिळते काय म्हणून कांहीं दिवस त्यांनीं शोध केला. ती मिळाली नाहीं. तेव्हां त्यांनीं आर्थरला आपल्याच रिकाम्या वाड्यांत आणलें.

नोकर नव्हता, परिचारिका नव्हती, पैसा नव्हता. शंभर स्वाऱ्यांच्या त्या नायकानें स्वयंपाक केला, मलमूत्राचें भांडें उचललें, बिछान्याच्या घाणेरड्या चादरी धुतल्या, रात्रीं हांकेस उठतां यावें म्हणून जवळ निजूं लागले. ज्यांनीं घरीं असा रोगी काढला आहे त्यांस हें काम काय असतें तें आम्हीं सांगावयास नको. रात्र सरत नाहीं, वास नाकांतून जात नाहीं, आणि रोग्याचा स्वभावही नेहमीं गोड राहतो असें नाहीं. आर्थर व चेशायर पुष्कळ बोलत. आर्थर जन्माचा रोमन कॅथोलिक, पण बरींच वर्षें देवळापासून दूर गेलेला. तो मरणाआधीं आपल्या विश्वासाकडे परतला, आणि त्याची ती शांति त्याचा सेवक रोज जवळून पाहत होता. ऑगस्टांत आर्थर वारला. त्याचें प्रेत स्वच्छ करून चेशायर त्या रात्रीं त्याच्या खोलींत एकटे बसले होते.

तोपर्यंत ९१ वर्षांची एक म्हातारी तेथें येऊन पडली होती, कारण तिलाही कोणी घेईना. मग आणखी कोणी आलें. क्षयाचा एक, अर्धांगाचा एक. कोणतीही सभा भरली नव्हती, कोणताही फंड उघडला नव्हता. रिकामा वाडा भरूं लागला, आणि ज्या शेजाऱ्यांनीं पहिल्या वसाहतीची थट्टा केली होती ते बटाटे, कोळसा आणि जुने कपडे घेऊन येऊं लागले.

त्याच वर्षीं, २४ डिसेंबर रोजीं, चेशायर रोमन कॅथोलिक मंडळींत सामील झाले. आमचे वाचक हें वाचून थबकतील. त्या मंडळीशीं आमचा जो मतभेद आहे तो आहेच, व तो आम्ही झांकीत नाहीं. पण त्यांनीं उघडलेल्या घरांत रोग्यास पंथ किंवा धर्म विचारीत नसत, हें येथें लिहून ठेवणें न्यायाचें आहे.

दुसरें घर १९५१ मध्यें कॉर्नवॉलमध्यें एका जुन्या विमानतळावरील पडीक इमारतींत निघालें. लगेच १९५२ मध्यें चेशायर ह्यांसच क्षय झाला. दोन वर्षांहून अधिक काळ ते आरोग्यभवनांत खाटेवर होते. फुप्फुसावर शस्त्रक्रिया होऊन बरगड्या काढाव्या लागल्या. आतां सेवा घेण्याची पाळी त्यांची होती. आश्चर्य असें कीं ते निजून असतांच घरांची संख्या वाढत गेली. आपल्यावांचून काम अडेल असें मानणाऱ्या पुढाऱ्यांनीं ह्या दोन वर्षांचा विचार करावा.

बरे होतांच ते हिंदुस्थानांत आले. मुंबईच्या घराची हकीकत आरंभीं सांगितलीच आहे. पुढें दिल्ली, कलकत्ता, बंगलोर अशा ठिकाणींही घरें निघालीं. तीं चालविण्यास त्या-त्या गांवच्या लोकांनींच पुढें व्हावें, असा चेशायर ह्यांचा क्रम असे, आणि हिंदु, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती लोकांनीं तें काम अंगावर घेतलें. ५ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईच्या रोमन कॅथोलिक कॅथेड्रलांत त्यांचा सू रायडर ह्या इंग्रज बाईंशीं विवाह झाला. ह्या बाईंनीं युद्धांत पोलंडच्या गुप्त सैनिकांबरोबर काम केलें होतें, व युद्धानंतर छळछावण्यांतून वांचलेल्यांची सेवा आरंभिली होती. त्याच वर्षीं ह्या दांपत्यानें डेहराडून येथें रिस्पना नदीच्या कांठीं राफाएल नांवाचें ठिकाण वसविलें. कुष्ठरोग्यांस व मंदबुद्धि मुलांस तेथें आसरा मिळाला. दोघांस एक मुलगा व एक मुलगी झाली.

त्यानंतरचीं तीस वर्षें प्रवासांत, पत्रव्यवहारांत आणि रोग्यांच्या उशाशीं गेलीं. हीं घरें सुमारें पन्नास देशांत अडीचशेंहून अधिक झालीं. १९८१ मध्यें राणीनें त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. १९९१ मध्यें ते लॉर्ड झाले.

मग त्यांस असा रोग जडला कीं ज्यानें एकेक स्नायु निकामी होत जातो: आधीं पाय, मग हात, मग वाचा. असल्या रोगाच्या माणसांस त्यांनीं चाळीस वर्षें आपल्या घरांत ठेवून घेतलें होतें. १९९२ मध्यें ऑर्डर ऑफ मेरिटच्या मंडळीचा एक मेळावा होता, तेथें ते ह्याच स्थितींत गेले. त्या वर्षाच्या ख्रिसमसला राणीनें आपल्या भाषणांत त्या भेटीची आठवण सांगितली: आपल्या दुखण्याचा एक शब्दही त्यांनीं काढला नाहीं, इतरांसाठीं अजून काय काय करावयाचें आहे, एवढेंच ते बोलत राहिले. तें भाषण झालें तेव्हां ते हयात नव्हते. ३१ जुलै १९९२ रोजीं सफक परगण्यांतील कॅव्हेंडिश ह्या खेड्यांत त्यांस मरण आलें, व तेथल्याच स्मशानभूमींत त्यांस पुरलें.